काटा लालवर, इंजिन मात्र ठीक: बॅकहोच्या टेम्परेचर मीटरचा माझा अनुभव

आमच्या बॅकहो लोडरचा टेम्परेचरचा काटा काम रंगात आलं की लालवर जाऊन बसायचा. इंदूरच्या राऊजवळ ड्रेनेजची चर खणायचं काम घेतलं होतं, भाडं तासावर. काटा वर गेला की ऑपरेटर मशीन बंद करणार आणि सावली गाठणार: "भिया, गरम हो रही है." त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तापलेलं इंजिन तसंच रेटलं तर हेड गॅस्केट जातं, आणि ते काम केवढ्याला पडतं हे इंदूरमधल्या कुठल्याही मशीनवाल्याला विचारा.

मेकॅनिक आला, सेंडर (इंजिनात बसवलेला, मीटरला तापमान कळवणारा सेन्सर) नवा टाकून गेला. काटा होता तिथेच. मग म्हणाला, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेका आणि रेडिएटर खोलू. थर्मोस्टॅट काढायचा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. पण त्याशिवाय इंजिन नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि झीज वाढते. मी नाही म्हटलं.

मला खटकलं ते वेगळंच. काटा चढत नव्हता, उडी मारत होता. इंजिनातलं इतकं लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तापायला वेळ लागतो. मागचा बूम (खणायचा हात) आपटला की काटा टणकन वर जात असेल, तर संशय पाण्यावर नाही, विजेवर घ्यायचा.

जेल रोडवरून मल्टीमीटर आणि लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आणली. चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या रंगाचा ठिपका मारला आणि तिथे नेम धरला. काटा लालवर असताना आकडा 84 अंश. आमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडायला लागतो, म्हणजे सगळं जागच्या जागी. रेडिएटरचं झाकण मात्र उघडलं नाही. गरम इंजिनाचं झाकण उघडून भाजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.

आता वायर. आमचा सेंडर जुन्या पद्धतीचा, एका वायरचा. त्याला अर्थिंग इंजिनाच्या ब्लॉकमधूनच मिळतं. तापमान वाढलं की त्याचा रोध (रेझिस्टन्स) कमी होतो आणि काटा वर सरकतो. चावी चालू ठेवून सेंडरवरची वायर काढली, की काटा थंडवर पडायला हवा. ही वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली, की गरमवर जायला हवा. (कॉम्प्युटरवाल्या नव्या इंजिनांवर दोन वायरींचा सेन्सर असतो. तिथे ही टेकवाटेकवी मुळीच करू नका.)

वायर काढली. काटा लालवरच! मग डॅशबोर्ड खोलून मीटरच्या मागून तीच वायर काढली, तर काटा मुकाट थंडवर आला. मीटर सुटला, सेंडरही सुटला. मधे वायर कुठेतरी बॉडीला लागत होती.

शोधायला केबिनची खालची पत्र्याची प्लेट काढावी लागली. माळव्यातली काळी माती वाळून अशी चिकटली होती की आधी छिन्नी घ्यावी लागली. वायरिंगचा जुडगा केबिनच्या पत्र्यातून जिथे आत येतो, तिथल्या भोकातलं रबर गळून गेलं होतं. पत्र्याची धार घासून चकाकत होती आणि त्यावर आमच्या वायरचं तांबं उघडं, नखाएवढंच. शेजारच्या वायरचंही कातडं निम्मं सोललेलं. दोन्ही जोडून, डाग देऊन, स्लीव्ह चढवली आणि भोकाला नवं रबर बसवलं.

मशीन चालू केली. आता काटा वर यायलाच तयार नाही. इंजिन तापलं, गन 83 दाखवते, काटा थंडवर ढिम्म.

वायर ब्लॉकला टेकवली तर काटा बरोबर वर गेला, म्हणजे वायर ठीक. मल्टीमीटरची एक पिन सेंडरच्या षटकोनावर आणि दुसरी ब्लॉकवर लावली. रोध जवळपास शून्य यायला हवा. आकडा शंभर ओमच्या पुढेमागे नाचत होता. सेंडर काढल्यावर उलगडा झाला: मेकॅनिकने आट्यांवर प्लंबर नळाला गुंडाळतात तशी पांढरी टेफ्लॉन टेप थरावर थर गुंडाळली होती. थोडी टेप असेल तर आटे ती फाडून धातूला लागतात, पण एवढ्या जाड थरात अर्थिंगच तुटलं. आधी वायरच शॉर्ट असल्यामुळे हा दोष झाकला गेला होता.

नवा परत बसवण्याआधी जुना, मेकॅनिकने काढलेला सेंडर पातेल्यातल्या पाण्यात तपासला, पाण्यात थर्मामीटर सोडून. 40 अंशांना 290 ओमच्या आसपास, 80 ला 70. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे पाणी इथे 98 च्या सुमारासच उकळतं, तिथे 40. प्रत्येक बनावटीचे आकडे निराळे असतात, पण मीटरला जुळणारा सेंडर हाच होता आणि तो धडधाकट होता. आटे तारेच्या ब्रशने साफ करून तोच परत लावला. नव्याची टेप खरवडून तो टूलबॉक्समध्ये टाकला. काटा आता मधोमध असतो, आणि ऑपरेटर सावलीत बसायला वेगळी कारणं शोधतो.