तो नाही का तो...

आमच्या घरात नट गेल्याची बातमी नावाने येत नाही, वर्णनाने येते. "अरे, तो गेला." "कोण?" "तो नाही का तो..." मग पाच मिनिटं सगळे हातातलं काम टाकून एका माणसाच्या मागे लागतात. नात्यातलं कोणी गेलं तर आई नाव, गाव, कुणाचा साडू, शेवटी काय झालं होतं, हे एका दमात सांगते. पडद्यावरच्या माणसांच्या बाबतीत मात्र तिची गाडी नावापाशी हमखास अडते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये असंच झालं. सकाळची वेळ, आई गवार मोडत बसली होती. टीव्हीवर एक फोटो झळकला आणि तिचा हात थांबला. "अगं बाई, आप्पा गेले!"

"कोण आप्पा?"

"तो नाही का रे तो, पांढऱ्या केसांचा. आता रागावेल रागावेल असं वाटतं आणि मग रागावत नाही. लॉकडाऊनमध्ये ती मालिका लागायची बघ, एका घरात सगळे मामाच मामा..."

माझा भाचा सुट्टीला आला होता. मोबाइलवरून मान वर न करता तो म्हणाला, "आजी, अरे कहना क्या चाहते हो?"

आणि मग त्यानेही मान वर केली, कारण टीव्हीवरचा चेहरा आणि त्याने आत्ता उच्चारलेलं वाक्य एकाच माणसाचं होतं. अच्युत पोतदार. आजीचे 'माझा होशील ना'मधले आप्पा आणि नातवाचे 'थ्री इडियट्स'मधले प्राध्यापक. एका घरात एकाच माणसाचे दोन चाहते राहत होते, आणि नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तो प्रसंग मी नंतर पुन्हा पाहिला. जेमतेम काही मिनिटांचा आहे. रँचो वर्गातून हाकलला जातो, विसरलेली पुस्तकं घ्यायला परत येतो, आणि पुस्तक म्हणायचं सोडून पुस्तकाची लांबलचक शास्त्रीय व्याख्या सांगत बसतो. त्यावर सर वैतागून विचारतात ते हे वाक्य. एका शब्दाचं काम, माणूस वर्णन करत सुटलाय. आमची आई दुसरं काय करत होती?

गंमत म्हणजे या सरांचं आयुष्य त्या एका वाक्यात मावण्यासारखं नव्हतंच. जन्म जबलपूरचा. आधी प्राध्यापकी, मग सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ पंचवीस वर्षं नोकरी. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा चव्वेचाळिशी आली होती. 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य'पासून सव्वाशेच्या आसपास चित्रपट. गेले ते १८ ऑगस्टला, ठाण्यात, एक्क्याण्णव पूर्ण व्हायला चार दिवस कमी असताना. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. आमच्यापासून चार स्टेशनांवरचा माणूस, आणि त्याची माहिती पोचायला मृत्यूची बातमी लागली. भाच्याला यात सगळ्यात काय आवडलं असेल, तर चव्वेचाळिशी. "म्हणजे मामा, तुला अजून चान्स आहे," म्हणाला.

दोष आईचा नाही. नटाचं नाव कळावं अशी सोय आता राहिलीय कुठे? मालिकेची नावं येतात तीच मुंग्यांच्या रांगेसारखी सरसर वर पळतात. मोबाइलवर बघावं तर सुरुवात वगळायचं बटण आपलं आपणच दाबतो. नाटकाचं बरं होतं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नावं छापून यायची, त्यामुळे बाबांना विजय चव्हाण, प्रदीप पटवर्धन ही नावं पाठ होती; आणि प्रदीप पटवर्धन २०२२ मध्ये गेले तेव्हा त्यांनी नावानेच सांगितलं. वर पुस्ती जोडली, "'मोरूची मावशी' मी गडकरीला पाहिलंय, चौथ्या रांगेतून." नाटकवाल्या चाहत्याचा दुखवटा असा असतो. त्यात सीट नंबरही येतो.

२०२५ च्याच दिवाळीत तर कहरच झाला. २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. पहाटे उटणं, कारेट, फराळ सगळं यथासांग झालं आणि संध्याकाळी कळलं की 'जेलर' गेला. इथे वर्णनाचीही गरज पडली नाही. असरानी हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण, पण आमच्याकडे ते कायम 'अंग्रेजों के जमाने के' जेलरच. 'शोले'ला दोनच महिन्यांपूर्वी पन्नास वर्षं झाली होती. एवढ्या लांबलचक सिनेमात थोडा वेळ येऊन गेलेला माणूस पन्नास वर्षं घराघरात नांदतो, हे भाडेकरूने चाळ मालकीची करून घेण्यासारखंच.

आणि बातमी आली तेव्हा अंत्यसंस्कार होऊनही गेले होते. त्यांचीच इच्छा होती म्हणे, की गाजावाजा नको. आईला हे फार लागलं. "निदान दर्शन तरी..." असं काहीसं पुटपुटली. तिने जेलरचं दर्शन घ्यायला सांताक्रूझला जायची शक्यता शून्य होती, हे तिलाही माहीत होतं. पण जायचं नसलं तरी जाता आलं असतं, एवढी फट तिला हवी होती. मला मात्र असरानींचं करणं पटलं. ज्याने जन्मभर प्रवेश आणि एक्झिटचं टायमिंग सांभाळलं, त्याने शेवटची एक्झिट प्रेक्षकांच्या मर्जीवर का सोडावी?

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच २५ तारखेला सतीश शहा. बाबा म्हणाले, "'साराभाई'तला इंद्रवदन गेला." आई म्हणाली, "तो नाही का, दूरदर्शनवर दर भागात वेगळं सोंग घेऊन यायचा." १९८४ ची 'ये जो है जिंदगी' ती. बाबांनी लगेच पुण्याचा झेंडा फडकवला: असरानी आणि सतीश शहा दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. बाबा कधीकाळी लॉ कॉलेज रोडवर राहायचे, तेवढ्या भांडवलावर ते दोघांचे सहाध्यायी झाले.

दुसऱ्या दिवशी सतीश शहांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी 'साराभाई'तल्या सहकलाकारांनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. एकत्र जमले की ते नेहमी म्हणतात, म्हणून तिथेही. आईला आधी हे विचित्र वाटलं. मग आमच्या आजोबांच्या वेळी भजनीमंडळाने त्यांचा आवडता अभंग म्हटला होता, ते तिचं तिलाच आठवलं.

त्या रात्री आम्ही 'जाने भी दो यारों' लावला. यात सतीश शहा अर्धा सिनेमा प्रेताच्या भूमिकेत आहेत. त्या प्रेताला इकडून तिकडे नेतात, ढकलतात, शेवटी साडी गुंडाळून महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी म्हणून उभं करतात. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली, पदराने डोळे पुसले, आणि मागे घेऊन तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

नोव्हेंबरात आमच्या काकांनी घोटाळा केला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजलीचं खातं त्यांच्याकडे आहे. फोटो, त्याखाली जोडलेले हात, 'भावपूर्ण'मधला 'पू' कायम ऱ्हस्व. ११ तारखेला सकाळी त्यांनी धर्मेंद्रला पोचवून टाकलं. एकटे काकाच नव्हे, भलेभले फसले त्या दिवशी. घरच्यांनी खुलासा केल्यावर काकांनी संदेश पुसला, पण पुसल्याची खूण ग्रुपवर तशीच राहिली. २४ तारखेला धर्मेंद्र खरंच गेले, तेव्हा अंधार पडेपर्यंत काकांकडून अवाक्षर नाही. शेवटी रात्री फक्त हात जोडलेले. फोटो नाही, शब्द नाही. मला वाटतं, त्यांची ती एकमेव मनापासूनची श्रद्धांजली असावी.

तेव्हापासून आईने नवीनच खोड लावून घेतली आहे. जुना सिनेमा लागला की मध्येच विचारते, "हा आहे का रे अजून?" मी फोनवर बघून सांगतो. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं, आणि मग सालावरून हळहळ लांबते. परवा एका ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात बँकेतला कारकून आला. एकच प्रसंग. टेबलाशी बसून नोटा मोजतो, अंगठ्याला थुंकी लावतो, समोरच्याकडे चष्म्यावरून बघतो. बस.

"हा आहे का?"

नावं केव्हाच येऊन गेली होती आणि त्या यादीतला हा कोण, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी तसं सांगितलं. नावच माहीत नाही, तर आहे की नाही हे शोधणार कुठे?

"मग राहू दे," आई म्हणाली. "आहे म्हणायचं." आणि कारकुनाने नोटा परत पहिल्यापासून मोजायला घेतल्या, त्या ती बघत बसली.