दिवा फक्त उतरतानाच का लागतो?

विमान चार आसनी, एका इंजिनाचं, विद्युत यंत्रणा २८ व्होल्टची. लॉगबुकातली तक्रार एका ओळीची: उतरताना अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) इशारा-दिवा लागतो, स्विच बंद-चालू केला की विझतो. हीच ओळ वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा आलेली आणि प्रत्येकीसमोर नवा भाग बसवल्याची नोंद. आधी रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरणारा भाग), मग अल्टरनेटर, शेवटी बॅटरी. खाली दर वेळी तोच शेरा, 'जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं, समाधानकारक'. या शेऱ्याचा मला मनापासून राग येतो. तक्रार उतरतानाची, आणि तपासणी उभ्या विमानात, दिवे बंद, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा) वर, इंजिन १८०० आरपीएमवर. ज्या परिस्थितीत दोष दिसतो नेमकी तीच टाळलेली.

पिस्टन इंजिनाच्या बहुतेक लहान विमानांत अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन चालूच राहतं. ठिणगी मॅग्नेटो देतात, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःची वीज बनवणारी यंत्रं. त्यांना बॅटरीही लागत नाही. त्यामुळे हा दोष आवाज करत नाही. विमान उतरतं, टॅक्सी करतं, पुन्हा उडतं, आणि तेवढा वेळ रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र), दिवे, फ्लॅप सगळे बॅटरीवर जगत असतात. बॅटरी चांगली असेल आणि भार वेळेत कमी केला तर अर्धा तास धरायचा. बॅटरी थकलेली असेल तर तेवढाही नाही.

मी आधी तक्रारीतल्या वेळेकडे पाहिलं. उतरताना विजेच्या दृष्टीने काय वेगळं असतं? आरपीएम कमी असतो, म्हणजे तेवढाच करंट देण्यासाठी अल्टरनेटरला जास्त फील्ड करंट (त्याच्या आतलं चुंबक जोरात करणारा करंट) लागतो. लँडिंग लाइट चालू असतो, बऱ्याचदा पिटो हीटही (वेग मोजणाऱ्या नळीत बर्फ धरू नये म्हणून ती तापवणारा हीटर). त्यात फ्लॅपची मोटर काही सेकंद जोरात करंट ओढते आणि एकदम थांबते. म्हणजे फील्ड जवळजवळ पूर्ण जोरात असताना भार अचानक सुटतो. व्होल्टेज उसळी मारतं, ओव्हरव्होल्टेज सेन्सर सुमारे ३२ व्होल्टला फील्ड तोडतो, दिवा लागतो. निरोगी यंत्रणेत अशी उसळी बॅटरी आणि रेग्युलेटर मिळून जिरवतात. इथे जिरत नव्हती.

मग उभ्या विमानातच उतरण्याची परिस्थिती उभी केली. चाकांना ठोकळे, ब्रेक लावलेले, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वाटेत कोणी नाही. इंजिन ११०० आरपीएमवर, लँडिंग लाइट आणि पिटो हीट चालू, मीटर थेट बसबारवर, म्हणजे जिथून सगळ्या यंत्रांना वीज वाटली जाते त्या पट्टीवर (पुढे नुसतं 'बस'). भार नसताना २८.६ व्होल्ट, भार टाकला की २९.२. चांगल्या यंत्रणेत भार वाढला की व्होल्टेज किंचित उतरतं. इथे चढत होतं, आणि अँमीटरचा काटा एका लयीत डावी-उजवीकडे डुलत होता. मीटर एसीवर लावून रिपल (डीसीत उरलेली एसीची थरथर) पाहिला, तोही मामुली. इयरफोनमध्ये आरपीएमबरोबर बदलणारी शिट्टीही नव्हती. म्हणजे अल्टरनेटरच्या डायोडांवर (एसीचं डीसी करणाऱ्या भागांवर) संशय नको.

भार वाढल्यावर व्होल्टेज चढतं याचा अर्थ रेग्युलेटरला खरं व्होल्टेज दिसतच नाही. या विमानाच्या रेग्युलेटरला व्होल्टेज पाहायला स्वतंत्र तार नाही. ज्या तारेतून तो फील्डसाठी करंट घेतो, त्याच तारेवरून तो बसचं व्होल्टेज वाचतो. वाट अशी: बसबार, ५ अँपिअरचा फील्ड ब्रेकर, मास्टर स्विचचा अल्टरनेटरचा अर्धा भाग, मग फायरवॉलवरचं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचं) सॉकेट आणि रेग्युलेटर. या वाटेत कुठेही रोध वाढला की रेग्युलेटर खऱ्यापेक्षा कमी आकडा वाचतो आणि फील्ड वाढवतो. फील्ड करंट वाढला की त्या रोधावर आणखी व्होल्ट पडतात, आकडा आणखी कमी दिसतो, तो आणखी फील्ड मागतो. काटा डुलतो तो यामुळे.

हा रोध ओहममीटरने सापडत नाही. ओहममीटर वाटेतून मिलीअँपिअर सोडतो आणि ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवतो. तेवढा रोध मीटरच्या वायरींचाच असतो, म्हणून सगळे 'कनेक्शन ठीक' लिहून पुढे जातात. पण अडीच अँपिअर वाहत असतील तर पाव ओहमवर सहा दशांश व्होल्ट पडतात. मोजायचं ते करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये.

त्यासाठी इंजिन चालू असण्याची गरज नाही. मास्टर स्विचचे दोन्ही अर्धे भाग चालू केले की रेग्युलेटरला बॅटरीचे चोवीस व्होल्ट दिसतात, ते त्याच्या ठरलेल्या २८.१ पेक्षा कमी, म्हणून तो फील्ड पूर्ण उघडतो. आयता अडीच अँपिअर करंट वाहू लागतो. मीटरची एक टोकणी जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, आणि एकेक टप्पा मोजत जायचं. काम पाचेक मिनिटांत उरकायचं, कारण बॅटरी उतरत असते आणि हवेचा झोत नसल्याने फील्ड कॉइल तापते. आणि एक गोष्ट कधीही विसरायची नाही: मॅग्नेटोचा स्विच बंद स्थितीत मॅग्नेटोला अर्थशी (विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी) जोडतो आणि ठिणगी थांबवतो. ती तार तुटलेली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत असतो. अशा वेळी पंखा हलला तर इंजिन पेटू शकतं, म्हणून तो हाताने हलवायचा नाही, चावी खिशात ठेवूनही नाही.

आकडे असे आले. बसबारचा स्क्रू ०.०३ व्होल्ट, ब्रेकरच्या दोन टोकांत ०.२१, स्विच त्याच्या टर्मिनलांसकट ०.६२, साधारण दोन मीटर २० गेजची तार ०.१६, फायरवॉलवरचं सॉकेट ०.१९. अर्थच्या बाजूला रेग्युलेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह ०.१४. अर्थची बाजू लोक मोजतच नाहीत, पण तिथे पडलेला व्होल्टही रेग्युलेटरला तसाच फसवतो. बेरीज १.३५ व्होल्ट. त्यात तारेचा वाटा थोडाच; बाकी सगळे जोड आणि कॉन्टॅक्ट.

स्विच काढला तेव्हा मागच्या पुशऑन टर्मिनलची पकड सैल झालेली होती आणि तारेचं इन्सुलेशन टोकाला तपकिरी पडलेलं. ०.६२ व्होल्ट गुणिले अडीच अँपिअर म्हणजे दीड वॉट, एवढ्याशा पत्र्याच्या जिभेवर, तासन्‌तास. तपकिरी पडणारच.

मग आधीचे नवे भाग काही तास का चालले, तेही उलगडलं. रेग्युलेटर बदलताना सॉकेट काढून पुन्हा बसवलं, पिना घासल्या गेल्या. अल्टरनेटर बदलताना ब्रेकर ओढला, स्विच अनेकदा वरखाली केला, कॉन्टॅक्ट पुसले गेले. रोध तात्पुरता उतरला आणि श्रेय नव्या भागाला मिळालं. काढलेला रेग्युलेटर बहुधा धडधाकट होता.

बॅटरीबाबत तर कारण आणि परिणाम सरळ उलटे वाचले गेले. 'बॅटरी कमजोर, त्यामुळे दिवा' असं लिहून ती बदलली. नवी आली तीही याच बसवर २९ व्होल्टच्या वर शिजत राहिली. बंद प्रकारच्या लेड-ॲसिड बॅटरीत पाणी घालता येत नाही, गेलेलं पाणी गेलंच. क्षमता चाचणीत ती ८० टक्क्यांच्या खाली आली. सुकलेली बॅटरी व्होल्टेजची उसळी जिरवू शकत नाही, म्हणून फ्लॅप थांबल्यावरची उसळी सेन्सरपर्यंत पोचायची.

दुरुस्तीत महागडी म्हणावी ती नवी बॅटरीच. पार्ट्स कॅटलॉगमधल्याच क्रमांकाचा मास्टर स्विच आणि फील्ड ब्रेकर घेतले. तपकिरी भाग कापून तारेला नवं टर्मिनल रॅचेट क्रिम्पिंग टूलने दाबलं. साध्या पकडीने दाबलेलं टर्मिनल ओढून पाहिलं तर टिकतं, पण आत तारेचे धागे सैल राहतात, आणि सोल्डर केलं तर सोल्डर जिथे संपतं तिथे कंपनाने तार मोडते. सॉकेटमधल्या दोन पिना बदलल्या. रेग्युलेटर काढून फायरवॉलवरचा रंग आणि पांढरी पूड चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, बसवल्यावर कडेने सील केलं. पुन्हा मोजलं: स्क्रू ०.०१, ब्रेकर ०.१०, स्विच ०.०४, तार ०.१६, सॉकेट ०.०३, अर्थ ०.०२. एकूण ०.३६. इंजिन चालू करून ११०० आरपीएमवर भार टाकला, फ्लॅप खाली-वर केले, बस २८.२ ते २८.४ मध्ये राहिली आणि काटा स्थिर.

स्वतंत्र सेन्स तार असती तर हा रोग मुळात झालाच नसता. फील्डची वाट कितीही खराब झाली तरी व्होल्टेज वाचणाऱ्या तारेतून नगण्य करंट वाहतो, तिच्यावर काही पडतच नाही. पण प्रमाणित विमानात मान्य आराखड्याशिवाय एक तारही वाढवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. खटकतं ते हे, की तपासणीच्या कार्डावर या वाटेसाठी फक्त 'स्थिती आणि घट्टपणा पाहा' असं लिहिलेलं असतं. घट्ट दिसणाऱ्या स्विचवर ०.६२ व्होल्ट पडत होते. व्होल्टमध्ये मोजण्याची एक ओळ त्या कार्डावर हवी.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. स्विच फोडून पाहिला तर आतला कॉन्टॅक्टही काळा. आधी टर्मिनल सैल होऊन त्याच्या उष्णतेने कॉन्टॅक्ट गेला, की कॉन्टॅक्ट आधी बिघडून त्याच्या तापाने टर्मिनलची पकड गेली, हे त्या तुकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून सहाही आकडे लॉगबुकात लिहिले आणि १०० तासांच्या तपासणीला याच पद्धतीने पुन्हा मोजण्याची नोंद केली. तेव्हा टर्मिनल आणि कॉन्टॅक्ट वेगवेगळे मोजायचे. टर्मिनलचा आकडा चढलेला निघाला तर पॅनेलच्या मागे तारांचा जुडगा कुठे बांधला आहे आणि तो कंपनात त्या टर्मिनलला ओढतो का, ते उघडून पाहायचं.