पारी जाड आहे, असं मी म्हणालो

पोलंडमधल्या क्राकुवला येऊन मला चौथं वर्ष चालू आहे. एका भारतीय हॉटेलात तंदूर सोडून बाकी सगळं मी बघतो. माझी पोलिश भटारखान्यातली. 'कांदा बारीक', 'लवकर', 'कच्चं राहिलंय', 'मीठ कमी', 'सरका, गरम येतंय' एवढं झोपेतसुद्धा बोलतो. भूतकाळ येत नाही. भटारखान्यात तो कुणाला लागतही नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मालकाच्या डोक्यात आलं, आपण प्येरोगी ठेवायचे, आत पनीर मखनी. प्येरोगी म्हणजे इथल्या उकडलेल्या करंज्या. मखनीला पाणी सुटतं आणि पाणी सुटलं की कड उघडते, हे मी दोनदा सांगून पाहिलं. पण मालकांना चव लागते ती मेनूकार्डावरच्या नावाची. शेवटी म्हणाले, "मावी रिनेकवर जत्रा लागलीय, जा आणि अभ्यास करून ये."

ऑगस्टच्या मध्यात त्या चौकात प्येरोगीचा उत्सव भरतो. मी पाच गाड्यांवरून सहा-सहा नग घेतले, एका बाकावर कागद पसरला आणि खिशातून केशर मोजायचा छोटा काटा काढला. एकेक प्येरुग सुरीनं उघडायचा, सारण बाजूला काढायचं आणि दोन्हींचं वेगवेगळं वजन टिपून ठेवायचं. बाहेरच्याला वेडेपणा वाटेल, पण प्येरुग काय नि करंजी काय, सगळा हिशोब पारी आणि सारणाचा असतो. बाकी सजावट.

पीठ साधंच. मैदा, मीठ, थोडं तेल आणि कढत पाणी. कढत पाण्यानं मैदा अर्धवट शिजतो, त्यामुळे पारी मऊ राहते आणि लाटताना मागे ओढत नाही. आपल्या मोदकाच्या उकडीचंच हे चुलत भावंड. फक्त तांदळाच्या पिठाला मैद्यासारखा ताण नसतो, म्हणून आपण ते आधीच वाफवून घेतो. सगळ्यात जास्त खपतात ते 'रुस्क्ये'. त्यात उकडलेला बटाटा, त्वारूग, लोण्यात तांबूस केलेला कांदा आणि सढळ हातानं मिरपूड. नावात रुस असलं तरी रशियाचा संबंध नाही. आज पश्चिम युक्रेनमध्ये येणाऱ्या जुन्या रुथेनिया प्रांतावरून ते नाव पडलं. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काही खाणावळींनी पाटीवर सरळ 'युक्रेनी' लिहून टाकलं. त्वारूग म्हणजे चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी, आंबट आणि भुसभुशीत. तो बटाट्यात विरून जातो. पनीर विरत नाही, दाताखाली करकरतं. हेही मालकांना सांगून झालं होतं.

तिसऱ्या गाडीचा नग उघडला. एकूण 33 ग्रॅम, त्यात सारण 14. आमच्या आईनं अशी करंजी केली असती तर आजीनं ती ताटातच ठेवली असती.

तेवढ्यात कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. मला आधी गळ्यातलं ओळखपत्र दिसलं आणि पोटात गोळा आला. वाटलं, सानेपिद! म्हणजे इथलं आरोग्य खातं. त्यांचं ओळखपत्र दिसलं की आमच्याकडे माणसं आपोआप हात धुवायला लागतात. मी काटा झाकला. मग कानावरचे हेडफोन दिसले आणि स्पंजची टोपी घातलेला माइक. बाई भरभर काहीतरी बोलल्या. त्यातलं मला 'रेडिओ' तेवढं कळलं.

"तुम्ही काय मोजताय?"

"सारण."

"कशासाठी?"

"काम. मी स्वयंपाकी."

"अरे वा! मग कसे आहेत?"

इथं मी विचार करायला हवा होता. पण भटारखान्यात कुणी 'कसं आहे' विचारलं की त्याचं उत्तर द्यायचं असतं, कौतुक करायचं नसतं. मी म्हणालो, "सारण चांगलं. चास्तो झा ग्रुबे." पारी जाड आहे.

आणि पाठीमागून, त्या तिसऱ्या गाडीतल्या रेडिओतून, माझाच आवाज आला, 'झा ग्रुबे'. म्हणजे हे थेट चालू होतं. गाडीवरच्या बाई हातात झारा घेऊन माझ्याकडे बघत होत्या. "श्फ्येंती यात्स्कू स प्येरोगामी!" त्या म्हणाल्या. 'हे प्येरोगीवाल्या संत यात्सेका!' हा तेराव्या शतकातला डोमिनिकन साधू. त्यानं उपाशी लोकांना प्येरोगी खाऊ घातले, अशी आख्यायिका आहे. आपण 'अगं बाई' म्हणतो तिथं हे लोक त्याला हाक मारतात.

रेडिओवाल्या बाई खुश. कुठले तुम्ही? कोल्हापूरचा. तुमच्याकडे असं काही असतं? मी करंजी सांगितली आणि कडेला मुरड कशी घालतात ते बोटांनी करून दाखवलं. रेडिओवर! गौरी निघताना तिला मुरडीचे कानवले देतात, तिनं मुरडून पुन्हा घरी यावं म्हणून, हेही सांगायला गेलो. माझ्या पोलिशमध्ये ते असं झालं, "बाई जाते. बाई प्येरुग खाते. बाई येते." त्या मनापासून हसल्या. तेवढ्यात मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून बाराची तुतारी सुरू झाली. ती तासातासाला वाजते आणि सूर मध्येच तुटतो. दुपारची तुतारी 1927 पासून पोलंडभर रेडिओवर जाते. बाईंनी बोट वर केलं, कानातलं काहीतरी ऐकलं, आभार मानले आणि माइक बंद करून निघून गेल्या. सगळं मिळून तीनेक मिनिटं.

मग गाडीवरच्या बाईंनी मला बोलावलं. इथं बाईंना 'पानी' म्हणतात. ते शिकताना पहिले सहा महिने मला तहान लागलीय असं समजून लोक हसायचे, अर्थात आमच्यातलेच. पानी रागावलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. त्यांनी पातेल्याचं झाकण उचलून दाखवलं. एका घाण्याला दीडशे नग. "पातळ लाटले तर वर येईपर्यंत अर्धे फुटतात. मग त्या पाण्यात पुढचा घाणा टाकता येत नाही. रांग बघितलीस? घरी मी पातळच लाटते. उद्या सकाळी सहाला ये, तू लाट."

मी काय बोलणार? दोन महिन्यांपूर्वी आमच्या हॉटेलला एकानं इंटरनेटवर एक तारा दिला होता, खाली लिहिलेलं 'नान जाड'. मी आठवडाभर धुमसत होतो. नान पातळ केला तर डिलिव्हरीच्या डब्यात वीस मिनिटांत त्याचं चामडं होतं. पिठाची गोळी मुद्दाम मोठी घ्यावी लागते. खाणाऱ्याला हे कुठं ठाऊक असतं! आणि मी तर खाणारासुद्धा नव्हतो. मला ठाऊक होतं. दीडशेचं पातेलं मला समोर दिसत होतं. तरी तोंडातून तेच गेलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी गेलो नाही. सकाळी आमचा माल येतो. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

ट्राममध्ये बसल्यावर वळिवडे आठवलं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं घराबाहेर काढलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आमची आजी 'पोलंडच्या बायका' म्हणायची, जणू गल्लीतल्याच कुणी असाव्यात. आज तिथं गांधीनगर आहे. दिवाळीचे कपडे आम्ही तिथूनच घ्यायचो. त्या छावणीतल्या चुलींवर करवीरच्या बटाट्यांचे प्येरोगी झाले असतील, त्वारूगच्या जागी म्हशीच्या दुधाचं काहीतरी घालून. पोलंडच्या रेडिओवर कोल्हापूरचं नाव घेतलं आणि हे सांगायचं सोडून मी पारीची जाडी सांगत बसलो. अर्थात भूतकाळ येत नसताना कसं सांगितलं असतं, हाही प्रश्नच.

मालक मात्र वेगळ्याच कारणानं चिडले. "तीन मिनिटं बोललास आणि हॉटेलचं नाव नाही घेतलंस?"

रेडिओवाल्यांनी नंतर तो तुकडा आपल्या पानावर टाकला. करंजी कापलीय, गौरी कापलीय. पानींचं उत्तर त्यात येणं शक्यच नव्हतं, तेव्हा माइक बंद होता. उरलंय ते एवढंच: मी स्वयंपाकी, सारण चांगलं, झा ग्रुबे, पाठीमागून पुन्हा झा ग्रुबे आणि संत यात्सेक. मालकांचा राग गेला तसे ते फोनवर लावून गिऱ्हाइकांना ऐकवतात. पनीर मखनीचे प्येरोगी मेनूवर आलेत. त्यांची पारी मी 3 मिलिमीटर ठेवलीय, त्याहून पातळ केली की फुटतात. बाहेर हशा ऐकू आला की कळतं, तुकडा लागला. मग मी उगाचच फ्रीज उघडून माल मोजतो.