लोणार: चार किलोमीटरची प्रदक्षिणा आणि तिचा खरा हिशेब

उल्काघाताने पडलेल्या विवरात साचलेले लोणारचे सरोवर गावापासून दूर आहे, असा समज बसस्थानकावरच करून दिला जातो आणि त्या समजाचे पैसेही तिथेच मोजावे लागतात. बुलढाणा जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण 2011 च्या जनगणनेनुसार 23,416 लोकवस्तीचे असून विवराच्या ईशान्य काठाला ते इतके चिकटून वसले आहे की चालता येणाऱ्या माणसाला वाहनाची गरजच पडू नये. आम्हाला मात्र ‘तीन किलोमीटर, तेही चढाचे’ असे ऐकवून रिक्षावाल्याने दोघांचे 300 रुपये घेतले आणि गप्पा रंगायच्या आत काठावर उतरवून दिले. परतताना तेच अंतर आम्ही पाठीवर सामान घेऊन रमतगमत चाललो. गावात ‘सरोवर कुठे’ असे विचारू नये, ‘धार कुठे’ असे विचारावे; धार म्हणजे विवराच्या कडेवरचा बारमाही झरा. सरोवर पाहण्याच्या जागा अनेक असल्यामुळे रिक्षावाला त्याला सोयीची जागा निवडतो, धार मात्र एकच आहे.

आता प्रदक्षिणेविषयी. ‘तासाभरात होते, सपाट वाट आहे’ असे गावातील एका वाटाड्याने छातीठोकपणे सांगितले होते. त्याचा हिशेब कागदावर चुकीचा नाही. विवराचा व्यास कडेपाशी सुमारे 1.8 किलोमीटर आणि खाली पाण्याचा सुमारे 1.2 किलोमीटर, म्हणजे पाण्याच्या काठाकाठाने फेरी जेमतेम चार किलोमीटरची होते. पण कडेपासून तळापर्यंतची जवळजवळ 137 मीटरची उतरण आणि तेवढीच परतीची चढण या हिशेबात कोणी धरत नाही. शिवाय ज्या काठाने चालायचे, तो काठच जागेवर राहिलेला नाही. पाण्याची पातळी वाढल्यामुळे जुन्या छायाचित्रांत दिसणारी मोकळी किनारपट्टी बऱ्याच ठिकाणी बुडाली असून विलायती बाभळींचे वाळलेले सांगाडे थेट पाण्यात उभे आहेत.

धारेपासून कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत वाट ठीक आहे. उतरताना सैल दगड आहेत, पण त्यांची तक्रार करण्याचे कारण नाही. खरी परीक्षा मंदिराच्या पुढे सुरू होते. तेथे वाट पाण्यात शिरते, म्हणून झाडीत घुसावे लागते. झाडीत घुसले की बाभळीचे काटे अंगावरचे कपडे आणि कातडी यांत भेद करत नाहीत. आणि त्यातून सुटून पुन्हा काठाकडे यावे, तर काळा, साबणासारखा निसरडा चिखल पाय घोट्यापर्यंत गिळतो. एक काटा माझ्या बुटाच्या तळव्यातून आरपार आला, तेव्हा बुटांच्या किमतीविषयीचा माझा आदर संपला. त्या पट्ट्यातील काही शे मीटर ओलांडण्यात आमची अख्खी सकाळ गेली. तेव्हा स्पष्ट सांगतो: पाणी वाढलेले असताना प्रदक्षिणेचा नाद सोडावा, कमळजेपर्यंत जाऊन आल्या वाटेने परत फिरावे. वाटाड्या घ्यायचाच असेल, तर ‘मंदिराच्या पुढची वाट आज पाण्याखाली आहे की नाही’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि पैसे वर परत आल्यावर द्यावेत. पिण्याचे पाणी लागेल असे वाटते त्याच्या तिप्पट सोबत घ्यावे, कारण खाली एवढे पाणी असूनही त्यातील घोटभरही पिण्याजोगे नाही.

ते खारे पाणी किती अल्कधर्मी आहे, हे वाटाड्याने हळदीने दाखवले. तळहातावर चिमूटभर हळद घेऊन त्यावर सरोवराचे थेंब टाकताच ती कुंकवासारखी लाल झाली. त्या 300 रुपयांचा राग तेवढ्यापुरता विसरलो. गुलाबी पाणी पाहण्याच्या आशेने मात्र कोणी येऊ नये. जून 2020 मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाण्याला तो रंग आला होता; आम्हाला दिसले ते हिरवेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात उल्काघाताने तयार झालेली अशी विवरे जगात मोजकीच आहेत. लोणारच्या विवराचे वय पूर्वी सुमारे 50 हजार वर्षे सांगत, पुढे खडकातील आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून केलेल्या मोजणीने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात नेले. इतकी वर्षे टिकलेल्या या खळग्यात गावाचे सांडपाणी दीर्घकाळ उतरत राहिले, ही बाब काठावर उभे राहून गावाकडे पाहिले की वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. त्याच्या कोरीव भिंतींसाठी दुपार राखून ठेवावी. जवळचे सोयीचे रेल्वे स्थानक जालना असून तेथून सिंदखेडराजामार्गे यावे. स्वतःचे वाहन असेल, तर समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरावे. मुक्कामाच्या जागा थोड्या असल्याने खोली आधी ठरवावी, आणि शेवटच्या गाडीची वेळ विवरात उतरण्यापूर्वीच बसस्थानकाच्या खिडकीवर विचारून घ्यावी, रिक्षावाल्याला नव्हे.