तोलेदो: रविवारी सकाळी जाऊ नका, आणि स्टेशनवरून चालत तर मुळीच नाही

माद्रिदहून स्पेनमधलं तोलेदो एका दिवसात आरामात होतं. फक्त रविवारी सकाळी निघू नका. रविवारी पर्यटकांसाठी कॅथेड्रल दुपारी दोनला उघडतं. हे मला दाराशी पोचल्यावर कळलं, जुलैतल्या भर दुपारी साडेबाराला, शर्ट पाठीला चिकटलेला असताना.

शर्ट चिकटला त्या चढावर. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून आव्हान्त गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते (सामान यंत्रातून तपासतात, वीस मिनिटं आधी जा). गाडीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती "स्टेशनवरून गाव वीस मिनिटं, चालतच जा" असं सांगणाऱ्या मित्राबद्दल. तो डिसेंबरात गेला होता. वीस मिनिटं खरी आहेत, पण आल्कांतारा पूल ओलांडला की रस्ता सरळ अंगावर येतो. गाव टेकडीवर, तीन बाजूंनी ताहो नदीचा विळखा. किल्ल्याला याहून चांगली जागा आणि याहून चांगला खंदक कुणाला सापडला नसता. सिंहगडापुढे हा चढ काहीच नाही, हे मान्य. पण सिंहगड आपण पहाटे चढतो, वर पिठलं-भाकरी आणि दही असतं. इथे वर थोकोदोव्हेर चौकात तीन युरोला पाण्याची बाटली मिळाली. सँडल घालून गेलात तर गोट्यांची फरसबंदी तळव्यांना दिवसभर आठवण करून देईल.

दोन वाजेपर्यंत करायचं काय? सांतो तोमे चर्चमध्ये गेलो. तिथे चित्रकार एल ग्रेकोचं १५८६ मधलं 'ओर्गाथच्या सरदाराचं दफन' हे चित्र आहे. ते बघाच. तिथेच दुसरी चूक केली: मनगटावर बांधायचा पर्यटक पट्टा, म्हणजे अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट, घेतला. त्याच मित्राचं वाक्य, "पट्टा घे, सगळं येतं त्यात." सगळं येत नाही. सात ठिकाणं येतात, आणि कॅथेड्रल त्यात नाही! कॅथेड्रलचं तिकीट दारात नव्हे, समोरच्या दुकानात मिळतं. तिथे मी ऐटीत मनगट पुढे केलं, बाईंनी शांतपणे मान हलवली. सातांपैकी चार तरी बघणार असाल तरच पट्टा घ्या. माझी झाली दोन.

कॅथेड्रल मात्र पैसे आणि घाम दोन्ही वसूल करतं. १२२६ मध्ये मशिदीच्या जागी काम सुरू झालं, १४९३ पर्यंत चाललं. मुख्य वेदीच्या मागे जा. तिथे अठराव्या शतकात नार्सिसो तोमेने छताला चक्क भगदाड पाडलं, आणि वरून येणारा उजेड संगमरवरी देवदूतांच्या गर्दीवर सोडला. याला 'ट्रान्सपारेन्ते' म्हणतात. मान दुखेपर्यंत उभा होतो. मग कॉयरमधली (गायनवृंदाच्या जागेतली) खालची लाकडी आसनं: रोद्रिगो आलेमानने मुस्लिम राजवटीविरुद्धच्या ग्रानाडाच्या युद्धातले ५४ प्रसंग कोरलेत, जवळजवळ प्रत्येक आसनावर एक गड पडतोय. गडकोटांवर वाढलेल्या माणसाला इथे अर्धा तास कमी पडतो. कार्डिनल (बडा धर्मगुरू) वारला की त्याची टोपी थडग्याच्या वर छताला टांगतात, आणि ती कुजून पडेपर्यंत तिथेच राहते. वर बघायला विसरू नका. इथे दोन तास ठेवा. तासाभरात उरकणार असाल तर माद्रिदमध्येच बसा.

मध्ययुगीन सिनागॉगपैकी (ज्यूंची प्रार्थनास्थळं) ट्रान्सितो रविवारी फुकट असतं, पण ते दुपारीच बंद होतं. कॅथेड्रलच्या नादात माझं राहिलं. म्हणून रविवारीच जायचं असेल तर आधी ते, मग कॅथेड्रल. सोमवारी ट्रान्सितो बंदच.

तलवारींची दुकानं पावलापावलावर. आपल्या फिरंगी तलवारींची पाती युरोपातून यायची, त्यामुळे पाय थबकतात. बहुतेक माल शोभेचा. शिवाय विमानात हातातल्या सामानात तलवार चालत नाही, हे विचारणारा मी पहिला नसणार. बदामाचं माथापान (मार्झिपान मिठाई) घ्या, ते खरंच चांगलं असतं.

परतीचं तिकीट जातानाच काढा. संध्याकाळच्या गाड्या भरलेल्या होत्या, मला बस धरावी लागली. ती साधारण निम्म्या पैशात माद्रिदच्या प्लाथा एलिप्तिकाला सोडते, तिथून मेट्रो आहे. पण चढण्याआधी 'दिरेक्तो', म्हणजे थेट, आहे का ते विचारा. माझी बस वाटेतल्या गावांना भेटी देत दीड तासाने पोचली.

बसस्थानकाकडे उतरताना साफोंतला सरकते जिने दिसले. नदीकाठून थेट वर, एकही पायरी न चढता, फुकट. स्टेशनवरून आल्कांताराऐवजी आथार्किएल पूल धरला असता तर सकाळी मीही त्यावर उभा असतो. मित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "अरे हो, हे सांगायचं राहिलंच."