दहा मजली लूप

आज दिवसभर ओपनसीज-पाय, म्हणजे इमारत भूकंपात कशी हलेल ते मोजणारी पायथनची लायब्ररी. हाताने नोड (खांब-तुळया जुळतात ते बिंदू) टाकणं बंद केलं. मजले, गाळे (दोन खांबांमधल्या जागा), मजल्याची उंची असे चार-पाच आकडे दिले की पायथनचा लूपच खांब-तुळया उभ्या करतो. नोडचा नंबर म्हणजे मजला गुणिले १०० अधिक खांबाची रांग. ७०३ म्हटलं की सातवा मजला, तिसरा खांब, शोधाशोध नाही.

दहा मजले, ३० मीटर. आयएस १८९३ या भारतीय भूकंप-मानकाच्या सूत्राने, ०.०७५ गुणिले उंचीचा ०.७५ वा घात, आवर्तकाल (इमारतीच्या एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) ०.९६ सेकंद. माझं मॉडेल म्हणतंय ४.२! काँक्रीटला तडे जाणार हे धरून खांबांचा ताठरपणा ०.७ ने आणि तुळयांचा ०.३५ ने गुणलाय, त्यामुळे थोडा वाढणार हे मान्य, पण ही इमारत होती की झोपाळा?

तीन तास शिगेची नि काँक्रीटची माहिती तपासली. बायकोने चहा दोनदा गरम करून दिला. शेवटी सापडलं: वस्तुमानाच्या जागी सरळ वजन, किलोन्यूटनमध्ये. ९.८१ ने भागायचं राहिलेलं! आवर्तकाल वस्तुमानाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे बरोब्बर ३.१३ पट. भागलं, १.३४ आला.

लूपची गंमत अशी की चूकही पंचावन्न नोडवर इमानदारीने पोचते.

उद्या हीच फ्रेम ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या नोंदीवर हलवून बघणार.