अगं, ही सगळी मेलीत का?

चिनी गोष्टींच्या पुस्तकातलं हत्तीचं पान मी सगळ्यात झटपट काढलं. दक्षिणेतला सत्ताधीश सुन छ्वानने भेट पाठवलेला हत्ती, त्याचं वजन करायचं कसं असं उत्तरेचा सेनापती त्साव त्साव विचारतो, दरबारात कुणालाच सुचत नाही. त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा त्साव छुंग म्हणतो, हत्ती नावेत चढवा, पाणी येईल तिथं खूण करा, मग हत्ती उतरवून नाव तेवढीच बुडेपर्यंत वजन केलेल्या वस्तू भरा.

ही तर आपल्या तुळापूरची गोष्ट! आदिलशाही सरदार मुरार जगदेवाला हत्तीची तुला करायची होती, तेव्हा शहाजीराजांनी संगमावर हीच युक्ती सांगितली, असं शाळेच्या सहलीत ऐकलेलं. ओळखीचीच गोष्ट, म्हणून मी संदर्भ फारसे पाहिले नाहीत. हात आपोआप चालला. कच्च्या चित्रात हत्तीवर पेशवाई थाटाची झूल, आणि त्साव त्साव चक्क खुर्चीत. इ. स. 200 च्या आसपासचा चीन. तेव्हा बसायचं ते चटईवर, नाहीतर बुटक्या चौरंगावर. वेणी तेवढी कुणाला दिली नव्हती, ती 17 व्या शतकात चीन जिंकणाऱ्या मांचूंनी लादली हे ठाऊक होतं.

ते सगळं सुधारलं. मग मांडणीवाल्याचा निरोप आला: नाव डावीकडे चाललीय, पान उलटायच्या दिशेला जाऊ दे. मी टॅबलेटवर चित्र आडवं फ्लिप केलं आणि पाठवून दिलं. पानावर एकही चिनी अक्षर नव्हतं, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या बाईंचा फोन. त्यांनी अनेक वर्षं चिनी शिकवलंय.

"अगं, काठावरची ही सगळी माणसं मेलीत का?"

अंगरख्याची नेसणाऱ्याच्या डावीकडची बाजू उजवीवर यायला हवी. समोरून बघताना इंग्रजी छोटा वाय (y) दिसतो. उलटं नेसवतात ते प्रेताला. शिवाय कन्फ्यूशियस म्हणतो, जुना मंत्री क्वान चुंग नसता तर आपण केस मोकळे सोडून, डावीकडे गळा बांधून फिरलो असतो. म्हणजे रानटी झालो असतो. माझ्या फ्लिप केलेल्या चित्रात अशी सतरा माणसं होती, सेनापतीसकट.

मी तुळापूरचं सांगितलं तर त्या हसल्या. भारतातून गेलेल्या एका बौद्ध ग्रंथाच्या पाचव्या शतकातल्या चिनी अनुवादात हीच युक्ती आहे, आणि मूळ कथा भारतातली असावी असं इतिहासकार चेन यिन्के यांनी मांडलंय, म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात सतरा गळे फिरत होते.

चित्र परत फिरवता येईना, नावेची दिशा पक्की झालेली. रात्री एकेक गळा पुसून काढला. तेव्हा दिसलं, तलवारीही उजव्या कमरेला गेल्यात. उजव्या हाताने उपसायची तर ती डावीकडे हवी. त्याही हलवल्या.

मुलगा तेवढा नावेकडे डाव्या हाताने बोट दाखवतोय. तो तसाच ठेवला. पोर डावखुरं असू शकतं.